देवीपुढचं इंग्रजी

आमच्या बागेतला 'लुग्युब्रिअस' आंबा एका मोसमात वाशीच्या बाजारात चांगला खपला होता. ही गोष्ट मी आजवर बायकोलाही सांगितलेली नाही, कारण ती सांगायची तर आधी माझं इंग्रजी सांगावं लागतं, आणि माझं इंग्रजी सांगायचं म्हणजे मला लाजेनं मान वर करता येत नाही. पण आता पन्नाशी उलटून गेली, लाज बाळगून ठेवायला जागाही उरली नाही, तेव्हा एकदाचं लिहून टाकतो.

आंब्याच्या मोसमात आमच्या पडवीत सकाळपासून खिळे ठोकल्याचा आवाज चालू असे. तेव्हा पेट्या लाकडाच्या असत. फळ्या सुट्या यायच्या, त्या ठोकून पेटी करायची, तळाला पेंढा, त्यावर आंब्याचा थर, पुन्हा पेंढा, आणि वर झाकणाची फळी. झाकणावर प्रत्येक बागायतदाराचा आपला मार्का. आमचा मार्का म्हणजे गोलात 'गो', माझ्या वडिलांच्या, म्हणजे आबांच्या नावाचं पहिलं अक्षर. मी कॉलेज संपवून घरी आलो होतो आणि माझ्याकडे काम होतं फळ्या मोजून ठेवण्याचं आणि पेंढा पसरण्याचं. त्या कोऱ्या, गुळगुळीत, लाकडाचा वास येणाऱ्या फळ्या बघून मला राहवेना. कागदावर लिहिलेला शब्द माझ्या लक्षात राहत नसे, फळीवर खडूनं मोठ्या अक्षरात लिहिला की राहत असे. सकाळी एक शब्द फळीवर लिहायचा, ती फळी भिंतीला टेकवायची, आणि पेंढा पसरताना येता-जाता तिच्याकडे बघत पुटपुटायचं. संध्याकाळी पुसून टाकायचा. एके दिवशी पुसायचा राहिला. अक्षरांकडे न बघता आबांनी ती सगळ्यांत वरच्या पेटीचं झाकण म्हणून ठोकली, आणि लुग्युब्रिअस मुंबईला गेला.

चार दिवसांनी ट्रकवाला दलालाचा निरोप घेऊन आला. आबा पडवीत उभे होते. ट्रकवाला म्हणाला, "गोविंददादा, ती नवीन जात कुठली काढलीत? शेठ म्हणतो, गिऱ्हाईक विचारून विचारून घेतंय, आनखी पाठवा."

"नवी जात? आमच्याकडं हापूसच हाय."

"ता मला काय ठावं? पेटीवर विंग्रजीत नाव व्हता, लांबलचक."

आबांनी माझ्याकडे पाहिलं. घरात इंग्रजीचा गुन्हेगार एकच होता. "काय लिवलंस रं?" मी सांगितलं. "त्याचा अर्थ काय?" मी पेंढ्याकडे बघत म्हटलं, "रडवेला. शोकानं भरलेला." आबांनी हातातला खिळा खाली ठेवला. मग म्हणाले, "माज्या आंब्याला रडवेला म्हटलास?" आणि पुन्हा खिळे ठोकू लागले. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. खरं सांगायचं तर अपराधी वाटून घेण्यात माझा हात धरणारा आमच्या पंचक्रोशीत कुणी नव्हता. शेजारची म्हैस आटली तरी मला वाटे, काल मी तिच्याकडे बघून काही वाईट तर चिंतलं नाही ना. आजही, मोबाईलवर कुणाच्या निधनाची बातमी आली आणि तेव्हा मी चहा पीत असलो, तर तो चहा मला गोड लागत नाही.

ते इंग्रजी कुठून आलं तेही सांगितलं पाहिजे. रत्नागिरीच्या कॉलेजातले आमचे एक प्राध्यापक बदली होऊन गेले, तेव्हा त्यांनी एक जाडजूड शब्दकोश मला देऊन टाकला. देऊन का टाकला, ते मला घरी येऊन उघडल्यावर कळलं. सुरुवातीचा भाग वाळवीनं खाल्ला होता आणि शेवटचाही. शब्द सी या अक्षरापासून सुरू होत आणि एस या अक्षराच्या मध्येच कुठेतरी संपत. मी तो तसाच पाठ करायला घेतला. त्यामुळे माझी विद्वत्ता सी ते एस एवढ्याच टापूतली आहे. पुढच्या आयुष्यात कुणी ए किंवा टी या अक्षराचा अवघड शब्द वापरला की मी चेहऱ्यावर मंद हसू ठेवून गप्प बसत आलो आहे, आणि लोकांना ती नम्रता वाटत आली आहे.

आई माझ्या शब्दांचा पहिला बळी. मी चुलीपाशी बसून तांदळाच्या भाकरीबरोबर बांगड्याचं तिखलं खात असे आणि म्हणत असे, "आई, डिलेक्टेबल!"

"म्हंजे मीठ जास्त झाला?"

"नाही गं. म्हणजे अतिशय रुचकर."

"मग चांगला झालाय म्हन ना. बापाला सांगायचा झाला तर तू काय सांगशील, मला बाजारातनं दुभाषा आनायला लागंल."

मी मनातल्या मनात तिला क्षमा करत असे. तिच्यासाठी मी शब्दकोशात आणखी एक शब्द शोधून ठेवला होता, ज्याचा अर्थ 'अडाणी पण प्रेमळ' असा काहीतरी होता. तो तिच्यासमोर वापरला नाही, एवढंच माझं पुण्य.

शिस्त म्हणून मी एक शिक्षा ठरवली होती. आदल्या दिवशीचा शब्द विसरला तर ताटातली माशाची तुकडी खायची नाही. माझी स्मरणशक्ती बेताची, त्यामुळे त्या उन्हाळ्यात मी जवळजवळ शाकाहारी झालो. आई मांजरापुढे सुरमईची तुकडी पडलेली बघे आणि तिचा जीव खाली-वर होई. एक दिवस तिनं आबांना सांगितलं, "पोराच्या तोंडाला चव नाय. कायतरी बाधलाय त्याला. देवीला सांगा." आणि आबांनी देवीला सांगितलं.

आबा देवीला सांगत, हे इथे नीट लिहायला हवं, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं. आबा गावदेवीचे मानकरी होते. गावात काहीही व्हायचं असलं, नवी होडी पाण्यात घालायची, मुलीचं लग्न ठरायचं, कोर्टाची तारीख असायची, की माणसं नारळ घेऊन देवळात यायची आणि आबा देवीपुढे एका ठरलेल्या काळ्या दगडावर उभे राहून गाऱ्हाणं घालायचे. हात जोडून, डोळे अर्धे मिटून, एका विशिष्ट लांब हेलात. "हे आई माऊली, आज ह्या तुज्या लेकरान..." असं सुरू करून एक वाक्य पूर्ण करायचं, थांबायचं, आणि जमलेल्या सगळ्यांनी एका आवाजात म्हणायचं, "होय महाराजा!" मग पुढचं वाक्य. शेवटी, चूकभूल पोटात घाल आणि लेकराला यश दे. होय महाराजा. नारळ फोडायचा. गाऱ्हाणं सुरू झालं की पुरं व्हायलाच पाहिजे, अर्धं सोडलं तर देवी रागावते, असं सगळे मानत. माझ्या तोंडाच्या चवीसाठी आबांनी असं गाऱ्हाणं घातलं तेव्हा मी मागे खांबाला टेकून उभा होतो आणि शरमेनं घामाघूम झालो होतो. मला वाटे, मी सी ते एसपर्यंत पोचलेला माणूस, आणि माझा बाप माझ्या जिभेबद्दल देवीकडे चर्चा करतोय. दोन दिवसांनी एक सोपा शब्द लक्षात राहिला आणि मी तुकडी खाल्ली. आईनं देवीला हळदीकुंकू वाहिलं.

आता एक गोष्ट अशी, जी तेव्हा मी स्वतःशीही कबूल केली नसती. आमच्या वाडीतली मुलं कॉलेज झालं की मुंबईला जात. ठरलेलंच होतं. माझा चुलतभाऊ सुरेशदादा परळच्या खोलीवर राहायचा, त्यानं माझ्यासाठी एका कुरिअरच्या ऑफिसात जागा बघून ठेवली होती. "इंग्रजी चांगलाय तुजा, पत्ते फटाफट वाचशील," असा त्याचा निरोप आला होता. पावसाळा लागायच्या आत मला निघायचं होतं. आणि मला जायचं नव्हतं. मला आमची पडवी सोडायची नव्हती, दुपारी सड्यावरून, गावामागच्या कातळाच्या माळावरून, येणारा वारा सोडायचा नव्हता, आईच्या हातची पेज आणि त्यात घातलेलं सुकं खोबरं सोडायचं नव्हतं. पण वीस-बावीस वर्षांच्या मुलानं 'मला घरी राहायचंय' असं म्हणणं म्हणजे त्याच्यात दम नाही असं होतं. शब्दकोश मांडीवर घेऊन बसलेल्या मुलाला मात्र कुणी रिकामटेकडा म्हणत नाही. तो अभ्यास करतोय असं म्हणतात. माझं इंग्रजी हे असं होतं. गंमत म्हणजे आबांना नेमकं उलटं वाटत होतं. एवढं इंग्रजी शिकतोय म्हणजे ह्याला मुंबईसुद्धा पुरणार नाही, हा साहेबाच्या मुलखात जाणार, असं ते आईला सांगत. मी ते ऐकत असे आणि शब्दकोशाचं पान उलटत असे.

अशात गावच्या हायस्कूलमध्ये इंग्रजीच्या शिक्षकाची जागा रिकामी झाली. वरच्या वर्गांना शिकवायची, आठवी ते दहावी. शाळा गावच्या मुंबईकर मंडळानं काढलेली, त्यामुळे नेमणुकीचा निर्णय मे महिन्यात मुंबईकर गावी आले की व्हायचा. ही जागा मिळाली तर मी गावात राहणार होतो आणि तेही मानानं. नाही मिळाली तर पावसाच्या आत परळची खोली. मी अर्ज केला. आबांना वाटलं, मुंबईला जाण्याआधी पोरगा सराव करतोय. तरी त्यांनी वाडीभर सांगितलं की पोरगा मास्तर होणार, आणि वाडीनंही ते होऊनच गेल्यासारखं धरलं.

शाळेची कौलं पावसाआधी शाकारायला उतरवलेली होती, म्हणून सभा देवळाच्या सभामंडपात ठेवली. उमेदवार दोघेच. मी, आणि गुहागरकडच्या एक शैलाबाई, माझ्याहून थोड्या मोठ्या, साधी सुती साडी, हातात छत्री. दोघांनी इंग्रजीतून थोडा वेळ बोलायचं, विषय 'शिक्षणाचं महत्त्व', असं मंडळाच्या अध्यक्षांनी कळवलं होतं. अध्यक्षांना सगळे भाई म्हणत. ते गोदीच्या ऑफिसात टायपिस्ट होते आणि गावात आले की पांढरा सफारी घालत. मी आठवडाभर सड्यावर एकट्यानं फिरत भाषण पाठ केलं. आमच्या गुरांनी ते इतक्या वेळा ऐकलं की मला बघून ती लांब जाऊन चरू लागली.

सभेच्या दिवशी दुपारी सगळ्यांची जेवणं भरपूर झाली होती. मुंबईकर आलेले, त्यामुळे घरोघरी फणसाची भाजी, आमरस, आणि जेवणानंतर पिकलेला बरका फणस. सभामंडप गच्च भरला होता आणि निम्मा पेंगत होता. कमिटी गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी खुर्च्या टाकून बसली होती. शेवटी गाऱ्हाणं घालायचं म्हणून देवीची पूजा करणाऱ्या बाळा गुरवानं नारळ आणि विडा आधीच मांडून ठेवला होता. आबा माणसांत पुढच्या रांगेत, धुतलेलं धोतर नेसून.

शैलाबाई आधी बोलल्या. मंडपाच्या कडेला, लोकांकडे तोंड करून उभ्या राहिल्या आणि लहान लहान वाक्यांत बोलल्या. माझी आई सुपाऱ्या सोलते. तिला वाचता येत नाही. मामाचं पत्र आलं की ती माझ्या येण्याची वाट बघत बसते. मी पत्र वाचते तेव्हा ती माझ्या तोंडाकडे बघत नाही, कागदाकडे बघते. एवढंच त्या इंग्रजीत बोलल्या. जे इंग्रजी दोन यत्तांपुरतं शिकले होते त्यांनाही समजलं असावं, कारण दोन-तीन बायका पदरानं डोळे पुसत होत्या. मला काय वाटलं ते लिहायला हात जड होतो. मला त्यांची दया आली. इतके साधे शब्द! बिचाऱ्यांना कुणी शब्दकोश दिला नसेल.

मग भाई म्हणाले, "चल रे बाळ, तू ये." मी उठलो. बोलायला कुठे उभं राहायचं हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि माझे पाय मला घेऊन गेले ते थेट त्या काळ्या दगडावर, जिथे आबा उभे राहत. लहानपणापासून देवळात बोलणारा माणूस मी तिथेच पाहिला होता. समोर कमिटी, कमिटीच्या मागे देवी, पायाशी नारळ. हातांचं काय करावं कळेना म्हणून ते मी जोडले. घाबरलो होतो म्हणून डोळे अर्धे मिटले. आणि लांब, खालून वर चढत जाणाऱ्या आवाजात सुरुवात केली.

"माय रिस्प्लेंडंट ल्युमिनरीज, इट इज विथ इनएफेबल फेलिसिटी दॅट आय स्टँड हिअर!"

श्वास घ्यायला थांबलो. मागून, खांबाशी पेंगणाऱ्या एका म्हाताऱ्याचा आवाज आला, "होय महाराजा."

मला वाटलं भास झाला. मी पुढचं वाक्य घेतलं. "एज्युकेशन डिसिपेट्स द नॉक्टर्नल ग्लूम ऑफ इग्नोरन्स!" थांबलो. या वेळी पंधरा-वीस जण. "होय महाराजा!" माणसं जागी होत होती आणि समोर मानकऱ्याचा मुलगा मानकऱ्याच्या दगडावर हात जोडून उभा असलेला पाहत होती. काय बोलतोय ते कळत नव्हतं, पण गाऱ्हाण्यातलं सगळं कुठे कळतं? मी बोलणं थांबवायला हवं होतं. पण पाठ केलेलं भाषण म्हणजे उतारावरची गाडी. "एज्युकेशन इल्युमिनेट्स द ऑब्स्क्युअर रिसेसेस ऑफ ह्युमन इंटेलिजन्स!" आणि अख्खा सभामंडप, बायका, मुलं, मुंबईकर, सगळे: "होय महाराजा!" घंटेचा लोलक हलला असेल इतका आवाज. तेव्हा मला ऐकू आलं की मी कुठल्या हेलात बोलतोय. आठवडाभर सड्यावर गुरांना मी जे ऐकवत होतो ते इंग्रजी नव्हतंच. शब्द शब्दकोशातले होते, चाल आबांची होती. ज्या गाऱ्हाण्याची मला एवढी शरम वाटायची, ते माझ्या घशात मुक्कामाला होतं.

आणखी पाचसहा वाक्यं गेली. प्रत्येकाला होकार. भाईसुद्धा खुर्चीत मान झुकवून होय महाराजा म्हणत होते. त्यांना आपण काय करतोय हे मध्येच कळलं, त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, आणि पुढच्या वाक्याला सवयीनं पुन्हा म्हटलं. शेवटचं वाक्य यायच्या वेळी माझ्या डोक्यात काहीच उरलं नव्हतं. सी नाही, एस नाही. मी तोंड उघडून उभा राहिलो. कुणीतरी मुंबईकर पोरगा हसला, आणि मग हसू पसरू लागलं. मला समोर परळची खोली दिसायला लागली.

बाळा गुरव हसला नाही. त्याचा चेहरा उतरला होता. तो आबांकडे वळून म्हणाला, "गोविंददादा, अर्धा ऱ्हायला."

आबा उठले. धोतराचा सोगा सावरत माझ्या शेजारी आले. मला दगडावरून खाली उतरवलं नाही, बाजूलाच उभे राहिले, आणि हात जोडून त्यांनी ते पुरं केलं.

"हे आई माऊली, आज ह्या तुज्या लेकरान तुज्यासमोर जा काय सांगलान, ता आमा येड्यांना कळला नाय. पन तू जगाची आई हायस, तुला सगल्या भासा कळतात."

"होय महाराजा!"

"त्यात काय चुकला-माकला असंल तर ता पोटात घाल. आनि ह्याच्या हाताला काम दे, ह्याच्या बोलन्याला यश दे रे महाराजा!"

"होय महाराजा!"

हा होकार सगळ्यांत मोठा होता. नारळ फुटला. खोबरं वाटता वाटता कमिटीच्या लक्षात आलं की काय झालं ते. भाई कपाळाला हात लावून म्हणाले, "अरे, देवीसमोर हो म्हणून बसलो की आपण! कमिटीची सभा तर व्हायची आहे अजून."

कमिटीतला एक जण म्हणाला, "सवयीनं म्हटलं भाई. ते काय धरायचं?"

"सवयीनं म्हटलात," बाळा गुरव खोबऱ्याचं ताट घेऊन उभा होता, "पन देवीन तर ऐकलान ना?"

शैलाबाई एका बाजूला छत्री घेऊन उभ्या होत्या. त्यांना हसू आवरत नव्हतं. त्या म्हणाल्या, "मीपण म्हटलं हो भाई. तोंडातून निघूनच गेलं. आमच्याकडेपण असंच असतं." आता आली पंचाईत. प्रतिस्पर्ध्यानंही देवीसमोर मला कौल दिला होता. कमिटी देवळामागे गेली, बराच वेळ काजूच्या झाडाखाली बोलत राहिली, आणि तोडगा घेऊन आली. भाई म्हणाले, "गाऱ्हाण्यात 'हाताला काम दे' असं होतं. कुठलं काम ते नव्हतं. बरोबर ना, गोविंददादा?" आबा म्हणाले, बरोबर. "तर आठवी ते दहावी शैलाबाई शिकवतील. आणि पाचवीची तुकडी यंदा मोठी आहे, ती आम्ही दोन करतो. एक तुमच्या मुलाला." तेव्हा मराठी शाळांत इंग्रजीची सुरुवात पाचवीत व्हायची. म्हणजे मला एबीसीडी शिकवायची होती. मी मान हलवली. शैलाबाईंनी माझं अभिनंदन केलं, आणि मघाची माझी दया आठवून माझे कान तापले. पुढे त्या आमच्या मुख्याध्यापिका झाल्या. अवघड इंग्रजी पत्र आलं की मी त्यांच्याकडून वाचून घेत असे.

आम्ही बापलेक सड्यावरून घरी निघालो. आई पुढे गेली होती, स्वयंपाकाला. ऊन उतरलं होतं, पण कातळ अजून तापलेला होता, चपलेतून चटका बसत होता. आबा पुढे, मी मागे. मी वाट बघत होतो की ते रागावतील, म्हणजे मला सुटल्यासारखं वाटेल. बरंच चालल्यावर ते थांबले.

"मी देवीसमोर तुज्या बोलन्याच्या पाठी उबा रायलो. काय बोललास ता मला ठावं पायजे. सांग."

मी पहिल्या वाक्यापासून सुरू केलं. "सन्माननीय मंडळी, इथे उभं राहायला मिळालं म्हणून फार आनंद झाला."

"बरा. मग?"

"शिक्षणामुळे अज्ञानाचा अंधार जातो."

"मग?"

"शिक्षणामुळे मनातल्या कोपऱ्यातला... अंधार जातो."

"तो मगाशी गेला ना?"

"हा दुसरा."

"बरा. मग?"

मी पुढचं वाक्य मनात मराठीत आणलं. त्यातही अंधारच जात होता. त्याच्या पुढच्यात उजेड येत होता, म्हणजे तेच. मी आबांना सांगितलं. ते खाली कातळाकडे बघत ऐकत होते. त्यांनी खांद्यावरचा पंचा काढून तोंड पुसलं, आणि मला दिसलं की ते हसू दाबतायत. "येवडी मानसा होय होय करून दमली," ते म्हणाले, "आनि अंधार एकच व्हता?"

मलाही हसू आलं, आणि हसता हसता डोळ्यात पाणी आलं, ते का ते मला कळलं नाही. आबा गंभीर झाले. "तुला मुंबैला जायचा हाय, त्याच्याही पलीकडं जायचा हाय, मला ठावं हाय. पाचवीच्या पोरांत अडकलास, वाईट वाटतला तुला. मी जा मागितला तेनं तुजी वाट आडवली का काय, असा मला वाटतंय."

मी नाही म्हणून मान हलवली. पण मान हलवणं पुरणार नव्हतं. ते माझ्या तोंडाकडे बघत होते. एवढे शब्द गोळा केले होते मी त्या उन्हाळ्यात, आणि त्यांतला एकही या जागी लागत नव्हता. शेवटी मराठीतच म्हटलं, "आबा, मला जायचं नव्हतं. मला इथेच राहायचं होतं. म्हणून तर सगळं केलं."

त्यांनी पंचा पुन्हा खांद्यावर टाकला. खालून खाडीकडून कुणाच्या तरी होडीच्या इंजिनाचा आवाज येत होता.

"मग ताच सांगायचास देवळात. त्याला विंग्रजी शबुद नाय?"

"आहे."

"सांग बगू."

मी तिथेच कातळावर उभा राहून आठवू लागलो. राहणे या अर्थाचे भारदस्त शब्द भराभर वर आले, ते मी बाजूला सारले. साधा शब्द आठवायला मला लाज वाटेल इतका वेळ लागला. मग कसलाही हेल न काढता, हात न जोडता म्हटलं, "आय वाँट टू स्टे हिअर."

"येवडाच?"

"एवढंच."

"ह्या तर मलापन कळला," आबा म्हणाले, आणि दगडी गडग्यामधून घराकडे उतरणाऱ्या वाटेला लागले.